दर्प: गर्वाचा की वासाचा?

प्रश्न असा आलाय: "रोमन इतिहासावरच्या एका लेखात 'मरणाआधी सम्राट गॅलेरियसचा दर्प अख्ख्या शहराला जाणवत होता' असं वाक्य आहे. इथं दर्प म्हणजे गर्व की वास? आणि चांगल्या वासालाही दर्प म्हणतात का?"

'मोगऱ्याचा दर्प' वाचलं की मला ठसका लागतो. दर्प घामाचा, फिनेलचा, नाकात घुसणारा. बस्स.

गर्व हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. पण संस्कृताचे अभिमानी म्हणतात, 'वास' हा अर्थ मराठीनं अडाणीपणानं चिकटवला. त्यांनी कोश उघडायचे कष्ट घ्यावेत. संस्कृत कोशांत दर्पाचा एक अर्थ चक्क कस्तुरी दिलाय! कस्तुरीचं दुसरं नाव मृगमद. मद म्हणजे माज, आणि माजावर आलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा उग्र वासाचा द्रव तोही मदच. माझा तर्क असा की दर्पही याच वाटेनं गेला. मूळ धातू दृप्, उन्मत्त होणे. माजलेलं जनावर दिसायच्या आधी वासानं कळतं; बोकडाच्या गोठ्याजवळून गेलेल्याला हे सांगावं लागत नाही. (घमेंड आणि घमघमाट यांचंही सोयरिक जुळवणारे भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार.)

हां, गॅलेरियस. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटांचे मृत्यू कसे झाले, यावर लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकानं लॅटिनमध्ये एक जळजळीत पुस्तक लिहिलं. इराणी राजाला हरवल्यावर गॅलेरियस इतका माजला की स्वतःला युद्धदेव मार्सचा मुलगा म्हणवून घ्यायला लागला, असं त्यात आहे. पुढे 311 साली तो सडत मेला. दुर्गंधी राजवाड्यातच नाही, तर सगळ्या शहरात पसरली. ही मांडणी आधीपासूनची आहे. मक्काबींचं दुसरं पुस्तक हा ज्यूंच्या बंडाची हकिगत सांगणारा जुना ग्रंथ; त्यात ज्यूंना छळणाऱ्या राजा अँटिओकसचं असंच होतं: आकाशातल्या ताऱ्यांना हात लावू असं वाटणारा माणूस, पण दुर्गंधीमुळे त्याला उचलून न्यायला कुणी धजेना. गर्व आणि घाण एकाच ओळीत. वाचणाऱ्याच्या मनात शत्रूबद्दल नुसता राग नको, किळस हवी, आणि किळस नाकातून लवकर शिरते, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

लॅटिनला माज आणि वास यांसाठी दोन शब्द लागतात, मराठीला एकच पुरतो. तेव्हा त्या वाक्यात अर्थ वास, पण गर्व खाली मुरलेला. लेखकानं हे जाणून लिहिलं असेल तर शाबास, चुकून लिहिलं असेल तर मराठीला शाबास.

मात्र स्मर्ना शहरात (आजच्या तुर्कस्तानात) ख्रिस्ती बिशप पॉलिकार्पला जिवंत जाळायला घेतलं, तेव्हा भाजत्या पावासारखं त्याचं शरीर दिसलं आणि धूपासारखा वास आला, असं त्याच्या हौतात्म्याच्या जुन्या वृत्तांतात आहे. तिथं कुणी 'दर्प' लिहिलं, तर मला कळवा.