रंगाचे पैसे ब्रेकला द्या

तुमच्याकडे 1965 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. सिग्नलला ब्रेक दाबून थांबलं की पेडल पायाखालून हळूहळू खाली जातं. गळती कुठे दिसत नाही, टाकीतलं ब्रेक ऑइलही उतरलेलं नाही. मेकॅनिकचं म्हणणं, मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा पार्ट, आतून गेलाय. त्याने दिलेले आकडे तुम्ही रबर किटच्या (सिलिंडरमधल्या रबरांच्या नव्या संचाच्या) किमतीच्या पटीत कळवलेत, मीही तेच वापरतो: किट 1, नवा सिलिंडर 5, जुन्याच सिलिंडरला आतून स्लीव्ह, म्हणजे धातूची नवी नळी, टाकून घेतली तर 6, आणि यांपैकी काहीही केलं तरी मजुरी 4. शेवटचा पर्याय ड्युअल सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलचे दोन वेगळे मार्ग, करून घेण्याचा, त्याला पाइप, होज (लवचिक नळ्या), मजुरी सगळं धरून 25. गाडीच्या रंगासाठी तुम्ही 40 साठवलेत आणि पेंटरने पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. तेव्हा किटवर भागवून रंग उरकून घ्यावा, की ड्युअल सर्किटसाठी आपत्कालीन निधीतून पैसे काढावेत, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर: ड्युअल सर्किट करा, त्याचे पैसे रंगाच्या बचतीतून द्या आणि पेंटरला थांबायला सांगा. आपत्कालीन निधीला हात लावू नका. आणि काम होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका, कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही.

किट स्वस्त का वाटतं ते मला समजतं. पण त्याचा खरा खर्च 1 नाही, मजुरीसकट 5 आहे. बाहेर गळती नसताना पेडल खाली जातं, याचा अर्थ दाब धरून ठेवणाऱ्या मुख्य रबराला ओलांडून ऑइल आतल्या आत मागे सरकतंय. रबर झिजलं म्हणून असं होतं, किंवा ते ज्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीत, सरकतं त्या बोअरला गंजाचे खड्डे पडले म्हणून. नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं.  त्या ओलाव्याने आत गंज धरतो. इतक्या वर्षांच्या सिलिंडरमध्ये तो असण्याचीच शक्यता जास्त, आणि खड्डे पडलेल्या बोअरवर नवं रबर टिकत नाही. किट एकदा फसलं आणि पुन्हा टाकावं लागलं की तुमचा खर्च 10 होतो. नवा सिलिंडर बसवून झाला असता 9 मध्ये. शिवाय ते रबर कधी फसेल हे आधी सांगता येत नाही, आणि ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त खटकते.

नुसती टिकाऊ दुरुस्तीच करायची असती तर मी नव्यापेक्षा स्लीव्ह सुचवली असती. ती एकाने महाग आहे, पण पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह लोखंडासारखी गंजत नाही. पुढच्या वेळी फक्त रबर बदलून भागतं, म्हणजे तेव्हा किट खरोखरच योग्य खरेदी ठरतं. वरून मूळचा सिलिंडर गाडीवरच राहतो.

मग मी 25 च्या बाजूने का? तुमच्या पत्रातल्या एका ओळीमुळे. रविवारी मुलगी शेजारी बसते आणि तुम्ही हायवेवर जाता, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या गाडीत एकच सर्किट आहे. एक होज फुटला तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. उरतो तो केबलवर चालणारा आणि फक्त मागची चाकं धरणारा हँडब्रेक. ड्युअल सर्किटमध्ये एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते. मोटारी बनवणाऱ्यांना हे तेव्हाही कळत होतं: कॅडिलॅकने 1962 मध्ये दुहेरी मास्टर सिलिंडर दिला, आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एमजीबीलाही 1968 च्या मॉडेलपासून तो आला. म्हणजे हा बदल गाडीच्या घराण्यातलाच आहे. नीट केला तर तो पुढे उलटवताही येतो.

आता फरक मोजू. स्लीव्हचा खर्च 10 दिसतो, पण तो तिथे थांबत नाही. मास्टर सिलिंडर पूर्ण दाब द्यायला लागला की जुने होज आणि मागचे व्हील सिलिंडर उघडे पडतात. दुरुस्तीनंतर आठवड्याभरात दुसरीकडूनच ऑइल गळायला लागणं या गाड्यांमध्ये नेहमीचं आहे. ते पार्ट बदलायचे, पुन्हा हवा काढायची, पुन्हा मजुरी. 25 मध्ये होज आणि पाइप आधीच धरलेत, त्यामुळे खरा फरक 15 पेक्षा बराच कमी आहे. आणि आज स्लीव्ह टाकून दोन वर्षांनी ड्युअल सर्किट केलंत, तर स्लीव्हवरचा खर्च जवळजवळ पूर्ण वाया जातो, कारण तेव्हा तो सिलिंडर काढावाच लागतो. तुम्ही गावातल्या गावात, हळू आणि एकटेच चालवत असता, तर मी 10 वर थांबायला सांगितलं असतं.

आपत्कालीन निधीचं बोलतो. तो सध्या चार महिन्यांच्या खर्चाइतका आहे, आणि एकाच पगारावर चालणाऱ्या घराला तो आधीच कमी आहे. आपत्ती म्हणजे जो खर्च पुढे ढकलता येत नाही आणि ज्याला दुसरा पैसा नाही. तुमची गाडी शेडमध्ये उभी राहू शकते, ऑफिसला तुम्ही दुसऱ्या गाडीने जाता, आणि 40 जमा आहेत. यातली एकही अट इथे लागू होत नाही.

रंग थांबल्याने बिघडत नाही. पत्रा आतून गंजत असता तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही लिहिलेली तक्रार फिक्या पडलेल्या रंगाची आहे. उलट क्रमाचा एक तोटा तुमच्या लक्षात आला नसावा: ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल रंग खातं. नव्या रंगावर सिलिंडर काढणं, पाइप सोडणं, हवा काढणं ही सगळी कामं झाली आणि थोडं ऑइल सांडलं, तर ताजा रंग फुगून निघतो. विकायची वेळ आली तरी जाणकार गिऱ्हाईक ब्रेक पेडल दाबूनच बोलणी सुरू करतं, आणि दबणाऱ्या पेडलसाठी दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त किंमत पाडून मागतं.

उरलेल्या 15 मधून आणखी एकच काम करा. क्लचचा मास्टर सिलिंडर ब्रेकच्या शेजारीच, त्याच झाकणाखाली आहे आणि वयानेही तेवढाच आहे. ते उघडलेलं असताना तोही करून घेतला तर मजुरी वाचते. मोठ्या डिस्क, सर्व्हो (पेडल हलकं करणारं यंत्र), स्टिअरिंग यांतलं काहीही मेकॅनिकने सुचवलं तरी या वेळी नको म्हणा. उघडल्यावर यादी वाढतच जाते, म्हणून ती आत्ताच कागदावर लिहून त्याच्याकडून कबूल करून घ्या.

अ‍ॅडव्हान्स देण्याआधी नव्या सिलिंडरचा बोअर विचारा. पाऊण इंचाच्या जागी सात अष्टमांश इंचाचा बसवला तर क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढ्याच दाबासाठी पायाला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. ब्रेक हलके की जड, हे बिल भरल्यावर कळून उपयोग नाही. ऑइल डॉट 4 दर्जाचं, म्हणजे ग्लायकॉलचंच भरायला सांगा. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळत नाही. अ‍ॅडव्हान्स फक्त पार्टचा द्या. बाकीचे पैसे गाडी चालवून, थांबवून आणि पेडल मिनिटभर दाबून ठेवून बघितल्यावर. बदल विमा कंपनीला लेखी कळवा, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये गाडीतले बदल सांगण्याची अट असते. जुना सिलिंडर बदलीत देऊन थोडी सूट घेऊ नका. तो परत मागा, पुसून डब्यात ठेवा. गाडी कधी मूळ रूपात हवी असणारा मालक भेटला, तर त्याला तो लागेल.

रंगासाठी दरमहा बाजूला टाकत होतात ती रक्कम चालूच ठेवा, फक्त पहिले काही महिने ती आपत्कालीन निधीत जाऊ द्या. तो सहा महिन्यांच्या खर्चाइतका झाला की पेंटरला फोन करा.