डॉ. चार्ल्स ड्रू यांना खरोखरच रक्त नाकारले गेले होते का?

रक्तसाठवणुकीचे प्रणेते डॉ. चार्ल्स ड्रू कृष्णवर्णीय असल्याने गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना रक्त नाकारले आणि ते दगावले, हे खरे का, आणि त्यांचे संशोधन नेमके काय होते, असे आपण विचारले आहे. ही कथा साफ खोटी आहे.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी एका रक्तदान शिबिरात प्रमुख पाहुणे व्यासपीठावरून हीच कथा रंगवून सांगत होते आणि मी समोरच भरत आलेली पिशवी गुठळी होऊ नये म्हणून हलवत बसलो होतो. चहाच्या वेळी मी त्यांना हळूच चूक सांगितली, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "तुम्ही सुया टोचा, इतिहास आमच्याकडे राहू द्या."

इतिहास असा आहे : १ एप्रिल १९५० रोजी अलाबामातील टस्कगी येथील वैद्यकीय शिबिराला तीन सहकारी डॉक्टरांसह मोटारीने जाताना नॉर्थ कॅरोलायनात ड्रू यांना चाकावरच डुलकी लागली आणि गाडी उलटली. जवळच्या रुग्णालयातील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर तातडीने उपचार केले, सोबतच्या डॉ. जॉन फोर्ड यांनीच पुढे तसे सांगितले, परंतु जखमाच अशा होत्या की ४५ वर्षांचे ड्रू वाचले नाहीत.

रक्तपेढीची कल्पना त्यांच्याआधीची आहे. साठवलेल्या रक्ताचा कस कसा उतरतो, याचा कसून अभ्यास त्यांनी १९४० च्या कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधात केला, आणि त्याच वर्षी ब्रिटनला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव, पाठवण्याच्या मोहिमेत तो निर्जंतुक ठेवण्याची शिस्त घालून दिली. लाल पेशी लवकर खराब होतात, प्लाझ्मा टिकतो आणि गटजुळणीची अडचणही जवळपास उरत नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धात तोच उपयोगी पडला.

त्यांच्यावर अन्याय झाला नाही, असे मात्र कृपया समजू नये. ज्या अमेरिकन रेड क्रॉसची पहिली रक्तपेढी त्यांनी १९४१ मध्ये उभी केली, तिनेच आधी कृष्णवर्णीयांचे रक्त घेण्याचे नाकारले आणि पुढे घेतले तरी १९५० पर्यंत ते वेगळे ठेवले. शिवाय त्या काळी कृष्णवर्णीय रुग्णांना दारातूनच परत पाठवणारी रुग्णालये होती, म्हणून तर ही कथा लोकांना पटली. पाहुण्यांना अन्यायच सांगायचा होता, तर वेगळ्या ठेवलेल्या बाटल्यांचा सांगायचा होता. तो माझ्यासारख्या सुया टोचणाऱ्यालाही ठाऊक होता.