‘संयुजा’ की ‘समन्वयांक’?

नागपूरहून प्रश्न आला आहे : संक्रमण धातूंच्या संयुगांत ‘कोऑर्डिनेशन नंबर’ला, म्हणजे धातूला थेट जोडलेल्या अणूंच्या संख्येला, मराठीत ‘संयुजा’ म्हटले तर चालेल का? की इथे सर्रास मिळणाऱ्या हिंदी पुस्तकांतले ‘उपसहसंयोजन’ घ्यावे?

‘संयुजा’ तर नकोच. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणाला लागणारा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घ्या. त्यात तांब्याची संयुजा 2. सूत्रात पाण्याचे रेणू 5. आणि स्फटिकात तांब्याला थेट जोडलेले अणू 6 : चार पाण्यांचे ऑक्सिजन आणि दोन सल्फेटचे. पाचवे पाणी तांब्याला शिवतही नाही, ते हायड्रोजन बंधाने धरलेले असते. म्हणजे ‘संयुजा’ म्हटले की विद्यार्थी 2 लिहिणार, सूत्र बघून मोजणारा 5 लिहिणार, आणि दोघेही चुकणार. त्यातही सल्फेटकडचे दोन बंध लांब, सुमारे 2.4 अँगस्ट्रॉमचे, पाण्याकडचे चार साधारण 2 चे. म्हणून काही जण 4+2 लिहितात, मला तेच जास्त पटते.

घोळाचे मूळ जुने आहे. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नरने 1893 मध्ये हा विचार मांडला तेव्हा दोन्हींना, वरच्या 2 ला आणि 6 ला, संयुजाच म्हटले होते, एक मुख्य आणि एक दुय्यम. पुढे मुख्य संयुजेची जागा ऑक्सिडीकरण अंकाने घेतली. दुय्यमसाठी वेगळा शब्द हवाच.

‘उपसहसंयोजन’ हिंदीत रुळले असेल, पण आपण ‘सहसंयुज बंध’ म्हणतो, तिथे ते जुळत नाही. आपल्याकडे ‘अणुअंक’, ‘अणुवस्तुमानांक’ अशी वाट पडलेली आहे. त्याच वाटेने ‘समन्वयांक’ म्हणावे. तसेच हिंदीतला ‘आबंध’ नको, ‘बंध’ पुरे.

शब्द शिकवताना एक गोष्ट बजावून सांगा : मोजायचे ते इलेक्ट्रॉनची जोडी देणारे अणू, लिगंड (धातूला जोडलेले अख्खे रेणू किंवा आयन) नव्हे. एथिलीनडायअमीनचा एक रेणू दोन नायट्रोजननी धातूला धरतो. कोबाल्टभोवती असे तीन रेणू असले तर समन्वयांक 3 नाही, 6. अशा लिगंडला (इंग्रजीत ‘बायडेंटेट’) ‘द्विदंती’ म्हणा. लॅटिनमधला मूळ शब्द आणि आपला ‘दंत’ एकाच कुळातले आहेत.

काटोलकडच्या कृषी केंद्रातले ‘चिलेटेड झिंक’ही याच घरातले : एकाच लिगंडने अनेक अणूंनी धरलेले जस्त. ‘चिलेट’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. पण विदर्भात नांगी म्हटले की आधी विंचूच डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी ‘चिमटाबंध’ सुचवेन.