कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कुलूपबंद 'विशेष संग्रहा'चा विद्यार्थ्याला काय उपयोग?

तुम्ही सांगलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, इतिहासाचा प्रकल्प करायचाय. सगळं मोबाइलवर मिळत असताना ती कपाटं उघडून घेण्यात काय अर्थ आहे आणि मागितली तर उघडतील का, असं तुम्ही विचारलंय. सांगलीतल्याच एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी केली आणि अशाच कपाटांच्या किल्ल्या बरीच वर्षं माझ्याकडे होत्या, म्हणून सविस्तर लिहितो.

मोबाइलवर मिळतं ते कुणीतरी निवडून चढवलेलं असतं. कपाटात असतात हजेरीपट, फीच्या वह्या, वसतिगृहाच्या मेसचे हिशेब, गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिका, कॉलेजच्या वार्षिक अंकांच्या फायली, एखाद्या प्राध्यापकाच्या घरच्यांनी आणून दिलेली पत्रं. यातलं बरंचसं इतिहास म्हणून कुणी लिहिलेलंच नाही. त्या दिवसाचं काम भागावं म्हणून लिहिलंय, आणि म्हणूनच ते मोलाचं आहे.

एका विद्यार्थिनीनं माझ्याकडून 1942-43 चा हजेरीपट काढून घेतला होता. जून-जुलैत सगळ्या नावांपुढे नीट हजेऱ्या. ऑगस्टनंतर काही नावांपुढे सलग आडव्या रेघा, एक-दोन नावं तांबड्या शाईनं कमी केलेली. ही पोरं चळवळीत गेली, असं तिनं लगेच वहीत लिहूनही टाकलं. मी म्हटलं, थांब. रेघ एवढंच सांगते की मुलगा वर्गात नव्हता. तो भूमिगत झाला, हिवतापानं घरी पडून होता की बापाला फी झेपली नाही, हे रेघेत कुठं लिहिलंय? मग फीची वही काढली. एकाची फी जूनपासूनच थकलेली होती. दुसऱ्यानं मात्र सत्राची पूर्ण फी भरली होती आणि तरी तो ऑगस्टपासून आला नव्हता. प्रवेशाच्या वहीत त्याचं गाव होतं कुंडल. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारचं, ते मोठं केंद्र. तरीही 'हा मुलगा प्रतिसरकारात होता' असं तिनं शेवटपर्यंत लिहिलं नाही, कारण तेवढा पुरावा हाताशी नव्हता. माझ्या मते तिच्या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं पान तेच होतं.

आता पुढचा कागद कुठं शोधायचा? इथं आपल्या भागात पोरं हमखास अडकतात. सांगली जिल्हा म्हणून 1949 च्या आधीचं काही मिळणारच नाही, कारण तो जिल्हाच नव्हता. त्या वर्षी दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. त्याआधीचे तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्याखाली शोधायचे. सांगली आणि मिरज ही संस्थानं पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, आणि कुंडल तर औंध संस्थानात. गाव कुणाच्या अमलाखाली होतं ते आधी पाहा, मगच यादी मागा.

ते कागद घरी का देत नाहीत, तर वरच्या तीनही वह्या शेजारी शेजारी होत्या म्हणूनच ही गोष्ट उलगडली. त्यातली एक कुणाच्या घरी राहिली असती तर उरलेल्या दोन मुक्या झाल्या असत्या. शिवाय पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत मिळते, हजेरीपटाची मिळत नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर भिजून लगदा झालेली पुस्तकं सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा तिथं बसूनच वाचावं लागेल, पेन न वापरता पेन्सिलनं टिपणं घ्यावी लागतील आणि पानांना थुंकी लावायची नाही. फोटो काढायचे तर आधी विचारा, फ्लॅश बंद.

ग्रंथपालांकडे जाताना 'स्वातंत्र्यलढ्याची माहिती द्या' असं म्हणू नका. 'युद्धाच्या काळात मेसचा खर्च किती वाढला', 'मुली कुठल्या गावांहून येत', असा प्रश्न न्या. मग कुठली वही काढायची ते त्यांना कळतं. ग्रंथालयाची जुनी दाखल नोंदवहीसुद्धा मागा. कुठलं पुस्तक कधी आलं, कितीला घेतलं की कुणी भेट दिलं, हे तिच्यात ओळीनं असतं, आणि एका पिढीला काय वाचायला मिळत होतं ते त्यातून दिसतं. ही नोंदवही मागायला आलेले विद्यार्थी मी फार थोडे पाहिले, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज करा आणि त्यावर तुमच्या मार्गदर्शकांची सही घ्या. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर काम होतं. संस्थानांचे आणि सरकारी कागद मात्र कॉलेजात शोधू नका. त्यासाठी कोल्हापूर आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात चौकशी करा, जाताना ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र न्या. तिथले बरेच कागद जुन्या मोडी लिपीत आहेत. पुराभिलेख खातं मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, प्रकल्पाला वेळ असेल तर आधी तो वर्ग करा.