थुवलला शॉक ट्यूबवर पीएचडी: निघण्याआधी

तू विचारलंयस की सौदीतल्या थुवलच्या 'काउस्ट' विद्यापीठातून पीएचडीची ऑफर आलीय, काम शॉक ट्यूबवर ज्वलनातल्या रिॲक्शनचे वेग मोजण्याचं आहे, आणि तू आजवर फक्त सिम्युलेशन केलंयस. तर जावं का? मी चार वर्षं इथे हेच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

जा. पण काम काय असतं ते आधी ऐक. लांब पोलादी नळी, मध्ये पॉलिकार्बोनेटचा पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला दाबाखालचा हेलियम, दुसरीकडे आर्गॉनमध्ये नावापुरतं इंधन. पडदा फाटला की शॉक, म्हणजे दाबाची वेगवान लाट, टोकाच्या भिंतीवर आपटून मागे फिरतो आणि तिथला वायू डोळ्याचं पातं लवायच्या आत १२०० केल्विनला पोचतो. पुढचे एक-दोन मिलिसेकंद तुझे. तेवढ्यात ३०६.७ नॅनोमीटरचा लेझर आरपार सोडून ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा अल्पजीवी तुकडा) किती वेगाने वाढतो-घटतो ते टिपायचं.

तापमान थेट मोजत नाहीत, शॉकच्या वेगावरून काढतात. खरी मेख इथे आहे. वेगात अर्धा टक्का चूक झाली की तापमान जवळपास १२ केल्विनने चुकतं. हायड्रोजनचा अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळून ओएच आणि ऑक्सिजनचा अणू तयार होतो, ती रिॲक्शन घे. बहुतेक सगळ्या ज्योती तिच्या जोरावर पेटत्या राहतात. त्या १२ केल्विनने तिचा रेट कॉन्स्टंट, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, सहा टक्क्यांनी हलतो. म्हणून शॉकचा वेग टिपणाऱ्या नळीवरच्या सेन्सरमधली अंतरं आम्ही पुन्हा पुन्हा मोजतो.

बाकी दिवस साफसफाईत जातो. शॉट, म्हणजे एक प्रयोग, झाला की नळी उघडायची, पडद्याचे तुकडे काढायचे, ॲसिटोनचं कापड लांब दांड्याला बांधून आतून पुसायचं, पुन्हा व्हॅक्यूम. पहिल्या वर्षी माझी सहा आठवड्यांची मापनं मी स्वतः फेकून दिली. ओएच सतत जास्त यायचा आणि मी मॉडेलमध्ये चूक शोधत बसलो होतो. शेवटी नुसत्या आर्गॉन-ऑक्सिजनचा शॉट मारला, तरी ओएच दिसला! मिक्सिंग टाकीच्या भिंतींना आधीच्या प्रयोगातलं हेप्टेन हे इंधन चिकटून राहिलं होतं. आता असा कोरा शॉट मारल्याशिवाय मी वहीत आकडा लिहीत नाही.

तुझ्याकडे चार महिने आहेत. कॅन्टेरा हे रिॲक्शनच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर तुला येतंच. कॉलेजच्या लॅबमध्ये व्हॅक्यूम पंप असेल तर तिथल्या सहायकांच्या हाताखाली बस. ओ-रिंग (सांधे हवाबंद ठेवणारी रबरी कडी) बदलणं, गळती शोधणं हाताला येऊ दे. मला ते इथे येऊन शिकावं लागलं आणि त्यात अख्खं सेमिस्टर गेलं.

राहण्याची काळजी नको. घर कॅम्पसवरच, फी नाही, वर स्टायपेंड. जेद्दा शंभर किलोमीटरच्या आत. सुटी शुक्रवार-शनिवारी, त्यामुळे रविवारी घरचे सगळे निवांत गप्पा मारायला बसतात तेव्हा तू लॅबमध्ये असशील. पहिलं वर्ष मला ते फार लागलं. आईला शनिवारी रात्रीची सवय लावून ठेव.

होकार कळवण्याआधी गाईडना एवढं विचार: एका नळीवर किती विद्यार्थी आहेत, आणि आठवड्यातले किती दिवस ती तुला मिळेल?