सगळ्यात मोठा विमान अपघात जमिनीवर झाला?

प्रश्न: दाबोळीहून मुंबईला जाताना आमचं विमान रनवेच्या तोंडाशी बराच वेळ थांबलं, समोर सगळं मोकळं होतं, मग पायलट वाट कसली बघतात? आणि सगळ्यात मोठा अपघात जमिनीवरच झाला म्हणतात, खरं का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: खरंय. 27 मार्च 1977, स्पेनचं टेनेरिफ बेट. शेजारच्या बेटावर एअरपोर्टवर बॉम्ब फुटला म्हणून मोठमोठी विमानं या लहानशा एअरपोर्टवर वळवली, उभी करायला जागा नाही, त्यात धुकं एवढं की टॉवरला, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या कंट्रोल रूमला, रनवे दिसेना आणि जमिनीवरचं रडारही नव्हतं. केएलएम या डच कंपनीच्या जम्बो विमानाने परवानगी नसतानाच उड्डाणासाठी धाव घेतली, पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचा जम्बो अजून त्याच रनवेवर होता. टॉवर आणि पॅन अ‍ॅम एकाच वेळी रेडिओवर बोलले, त्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये टॉवरचं 'ओके' तेवढं नीट आलं, पुढे कर्कश शिट्टीच. मला सगळ्यात जास्त चटका लावते ती पुढची गोष्ट, केएलएमच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, पॅन अ‍ॅमवाला बाजूला झाला नाही का असं त्याने विचारलंही, पण कॅप्टनने ठासून झालाय म्हटलं आणि तो गप्प बसला. 583 माणसं गेली.

त्यानंतर ज्युनिअरनेही कॅप्टनला टोकायचं हे ट्रेनिंगमध्येच शिकवायला लागले, आणि टॉवरची परवानगी पायलटला जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. दाबोळी तर नेव्हीचा तळ, त्यांची विमानंही तोच रनवे वापरतात, तेव्हा खिडकीतून मोकळं दिसलं तरी कोणीतरी उतरायला येत असू शकतं. थांबले ते योग्यच केलं त्यांनी.