हाक मारण्याआधी नाव शिक

चि. ... यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला आणि मी तो तीनदा वाचला. वॉर्डात चौदा जणी सिस्टर आणि तू एकटा पुरुष नर्स, ब्रदर. इन्चार्ज सिस्टरना 'ताई' म्हणालास, तर त्यांनी सगळ्यांदेखत 'मी तुझी ताई नाही' असं सुनावलं. बरोबरीच्या मुलीला 'मॅडम' म्हणालास, तर चहाच्या वेळी सगळ्या हसल्या. आता तू कुणाला हाकच मारत नाहीस. समोर जाऊन उभा राहतोस, नाहीतर 'अहो, जरा ऐका ना' म्हणतोस. हे चालणार नाही. रात्री तीनला पेशंटचं बीपी कोसळलं की नाव घेऊनच हाक मारावी लागते. 'जरा ऐका ना' म्हटल्यावर चौदा जणींतली कोण धावेल?

म्हणून एकच सांगतो, आणि पत्रभर तेच सांगणार आहे. आधी नाव शिक. नाव, त्याला जोडून 'सिस्टर' किंवा 'ताई', जे तिला चालेल ते, आणि क्रियापद आदराचं. बाकीचं नातं तिनं दिलं तरच घे. 'काकू' तू ठरवायचं नाहीस. बेचाळीस वर्षांच्या सहकारिणीला काकू म्हणालास तर तू तिचं वय मोजलंस, मान दिला नाहीस. 'वहिनी' तर नकोच नको. ती तिथे कुणाची बायको म्हणून आलेली नाही, नर्सिंगचा कोर्स पुरा करून, नोंदणी करून आली आहे. काय म्हणावं कळत नसेल तर सरळ विचार, 'तुम्हाला काय म्हणू?' यात लाज कसली वाटते तुला? शीर सापडत नाही तेव्हा विचारतोसच ना?

'बाई' म्हणू का, असंही तू विचारलं आहेस. 1891 साली प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव तू कॉलेजात पाठ केलं असशील. त्यात बाई आधीही आहे आणि मध्येही. शाळेतल्या बाईंना आपण घाबरायचो आणि त्यांच्यावर जीवही लावायचो. तोच शब्द घरकामाला येणारीच्या नावाऐवजी वापरून वापरून आपण झिजवून टाकला. शब्दाची काही चूक नाही. 'काशीबाई'त मान आहे, 'ए बाई'त नाही, कारण तिथे नाव गळून पडलेलं असतं. पुन्हा तेच बघ, नाव.

आता माझं सांगतो. हे मी आजवर घरीही नीट सांगितलेलं नाही. आपल्याकडे वॉर्डात चतुर्थ श्रेणीतला पुरुष तो 'मामा' आणि बाई ती 'मावशी'. ऐकायला किती गोड. मीही एका मावशींबरोबर सहा वर्षं काम केलं. त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, माझ्या मुलाच्या बारशाला त्या आल्या. एक दिवस दुपारी एक मुलगी धापा टाकत आली आणि तिनं एका बाईंचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, 'इथे असतात का?' मी ड्युटीची यादी बघितली. यादीत फक्त सिस्टरांची नावं होती. म्हटलं, 'अशी कुणी इथे नाही, दुसऱ्या मजल्यावर बघ.' मुलगी गेली. मावशी तेव्हा दहा पावलांवर बेडपॅन धूत होत्या. ती त्यांची मुलगी होती. घरी नवरा अत्यवस्थ होता. पोरगी सगळं हॉस्पिटल फिरून परत येईपर्यंत तासभर गेला आणि मावशी घरी पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. त्या मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. सहा वर्षं मी त्यांना मावशी म्हणत होतो आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं! ते इथे लिहीत नाही, कारण लिहू का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर मी सगळ्यांना नावानं आणि 'ताई' लावून हाक मारायला लागलो. मेट्रनपासून झाडू मारणारीपर्यंत क्रियापद एकच, 'आलात', 'जेवलात'. आमच्या तेव्हाच्या इन्चार्ज म्हणाल्या, 'अशानं ही माणसं डोक्यावर बसतील.' मी वाद घातला. आवाज चढला होता, हे कबूल. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'वरिष्ठांशी सौजन्यानं वागत नाही' असा शेरा आला. सौजन्यासाठीच तर भांडलो होतो! आवाज चढवला ते चुकलं, पण भांडलो ते चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि कुणी समजावलं तरी वाटणार नाही.

तोंडावर 'तुम्ही' म्हणणं सोपं आहे. आपल्या भाषेत माणूस पकडला जातो तो पाठीमागे. ओव्हर देताना, ड्युटी संपवून पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सांगताना, तू काय म्हणतोस? 'सरांनी राउंड घेतला' आणि 'ती अजून आली नाही'? पुरुष डॉक्टर 'ते' आणि सिस्टर 'ती'? तिच्या गैरहजेरीतही नाव घे आणि 'त्या' म्हण. हे मी तुला प्रेमानं सांगत नाहीये, बजावतोय.

आणखी एक. तू पुरुष आहेस, म्हणून पेशंटचे नातेवाईक तुला 'डॉक्टर' म्हणतील आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंना 'सिस्टर'. बरं वाटतं ते, मलाही वाटायचं. गप्प राहू नकोस. तिथल्या तिथे सांग, 'मी ब्रदर आहे. डॉक्टर या आहेत,' आणि त्यांचं नाव सांग.

2013 च्या कायद्याची भीती वाटते असं लिहिलंस, ते वाचून मी चिडलो. तो लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. नीट वागणाऱ्यानं त्याला कशाला भ्यायचं? तुझ्या सोबतिणींना त्याचा आधार आहे, ही चांगली गोष्ट आहे.

इन्चार्ज सिस्टरांकडे उद्या जा. 'परवा चुकलं, तुम्हाला काय म्हणू?' एवढंच विचार, जास्त खुलासे देत बसू नकोस. सोमवारपासून तुझी नाइट आहे. भिंतीवरच्या यादीत सफाईच्या बायकांची नावं बहुधा नसतील. ती त्यांना विचारून तुझ्या वहीत लिही, आडनावासकट, आणि वही ड्युटीच्या टेबलावर ठेव, दिवसा येणाऱ्यांनाही दिसेल अशी.